उजवी बाजू कोरी

आई गेल्यानंतर घरी भेटायला येणारी माणसं एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत बोलत होती. तुझ्या आईनं कधी आवाज चढवला नाही. बाइंडिंगच्या कारखान्यातली तिची मैत्रीण म्हणाली, तिच्या खालच्या मजल्यावरचा शिंपी म्हणाला, तिचा डॉक्टरही म्हणाला. मी मान हलवत होते. माझं कामच ऐकण्याचं आहे. रुग्णालयातल्या एका आवाजबंद खोलीत मी लोकांचे कान तपासते, आणि कोण कुठल्या पट्टीत बोलतं ते मला पाठ फिरवूनही कळतं. आईचा आवाज खरोखरच कधी वर गेला नाही. मला त्याचं कौतुक वाटायला हवं होतं. मला राग येत होता, आणि गेलेल्या माणसाचा राग आला की तो ठेवायचा कुठे, हे भेटायला येणाऱ्यांपैकी कोणी सांगत नाही.

शिंपी बोलत असतानाच माझी मुलगी माझ्या दंडाला चावली. ती सहा वर्षांची आहे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण चालायला लागल्यापासून ती एका जागी थांबलेली नाही. तिला माझ्या मांडीवर बसायचं होतं आणि मांडीवर चहाचा ट्रे होता. कारण एवढंच. मी अशी काही ओरडले की शिंप्याचा कप बशीत थडथडला. मग खोलीत शांतता पसरली, आणि त्या शांततेत प्रत्येक जण तेच वाक्य मनात म्हणत होता. मला ते तिथेही ऐकू आलं.

शिंपी उठला. जाताना भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवायला गेला आणि अर्ध्यावरच परत घेतला. शहाणा माणूस.

माणसं गेल्यावर माझ्या नणंदताई सोफ्यावर माझ्या बाजूला येऊन बसल्या. त्या दातांच्या डॉक्टर आहेत. ‘आ करा’ म्हटलं की समोरचा आ करतो, याची त्यांना इतकी सवय झालीय की कोणी तोंड मिटून बसलं तर त्यांना तो आजारच वाटतो.

“हे बघ, मी स्पष्ट बोलते, राग मानू नकोस,” त्या म्हणाल्या.

“बोला ताई.”

“हिला वर्षभर माझ्याकडे राहू दे. इतकी वर्षं मुलांच्या तोंडात हात घालतेय, मला एकही पोर चावलेलं नाही. मागे आमच्याकडे राहिली होती तेव्हा बघितलंस ना? एक शब्द वर नाही. स्वतःची ताटली स्वतः धुऊन ठेवायची.”

“आमच्याकडे ती ताटल्या फेकते,” माझा नवरा म्हणाला. तो खिडकीजवळ उभा होता. चेष्टा म्हणून म्हणाला असेल, पण कोणी हसलं नाही.

“तेच म्हणतेय मी. तुम्हा दोघांना मुलगी वाईट नाही मिळालेली. तुम्हाला फक्त जमत नाहीये.”

शाळेनंही वेगळ्या शब्दांत तेच कळवलं होतं. भिंगरीनं वर्गात खुर्ची भिरकावली होती, कोणाला लागली नाही हे त्या मुलांचं नशीब, आणि या सत्रापुरतं तिला घरी ठेवलंत तर सर्वांच्या सोयीचं होईल. सर्वांच्या म्हणजे कोणाच्या, ते पत्रात नव्हतं. आधी दुपारी शाळेतून तिला आई घेऊन यायची आणि मी कामावरून परतेपर्यंत सांभाळायची. आता आई नव्हती, शाळाही नव्हती, आणि माझी रजा संपत आली होती.

“तुलाही ठेवलं होतंच की मावशीकडे,” नवरा म्हणाला. “काय बिघडलं तुझं?”

ही आमच्या घरातली जुनी करमणूक आहे. मी सात वर्षांची असताना मला काही महिने मावशीकडे ठेवलं होतं. मला तेव्हा सगळे तोफ म्हणायचे, आणि नातेवाईक जमले की कोणी ना कोणी विचारायचंच, काय गं, तोफ दुरुस्तीला पाठवली होती ना तुमची? सगळे हसायचे. मीही हसायचे. आई तेवढी उठून स्वयंपाकघरात जायची. मला वाटायचं, चहाचं बघायला.

रविवारी ताई गाडी घेऊन येणार आणि भिंगरीला नेणार, असं ठरलं. ठरलं म्हणजे, मी नाही म्हटलं नाही. मला आतून हो म्हणायचं होतं. सकाळी उठावं आणि घरात कोणी किंचाळत नसावं, एवढीच माझी स्वर्गाची कल्पना उरली होती. हो तोंडातून निघालं नाही, कारण हो म्हटलं असतं तर ताईंचं वाक्य खरं ठरलं असतं, आणि आईबद्दलचं ते दुसरं वाक्यही.

शनिवारी मावशी आली. आईच्या दोन खोल्या रिकाम्या करून द्यायच्या होत्या, घरमालक रोज फोन करत होता. भिंगरीला कुठे ठेवणार, म्हणून तिलाही बरोबर घेतलं. मावशी आईची थोरली बहीण. दोन्ही कानांना यंत्रं लागतात. मीच बसवून दिलीत, आणि मावशी ती खिशात ठेवते.

“मशीन घाल ना,” मी म्हटलं.

“बॅटरी कशाला जाळू? तू ओरडतेसच की.”

खोलीत पाऊल टाकताच भिंगरीनं बूट काढले, एक कपाटावर भिरकावला, दुसरा मावशीच्या रोखानं. मावशीनं तो झेलला आणि बघितला. “तळ घासलाय,” ती म्हणाली. “नवे घ्या पोरीला.” आणि भांडी गुंडाळायला लागली. भिंगरी जरा वेळ तिच्याकडे बघत राहिली. मग आईच्या कामाच्या टेबलाखाली शिरली.

त्या टेबलावर आईची हाडाची पट्टी अजून होती. आईनं सगळं आयुष्य बाइंडिंगच्या कारखान्यात कागदांच्या घड्या घातल्या. छापलेला मोठा ताव दुमडून त्याची सोळा पानं करायची, घडीवर पट्टी फिरवायची, असे फर्मे एकावर एक रचून शिवायचे. बिघडलेल्या प्रती ती घरी आणायची, म्हणून मी भरपूर वाचलं; पण लहानपणी वाचलेल्या पुस्तकांपैकी कित्येकांत मधली सोळा पानं नव्हती. नायिका घरातून रागानं निघून जायची आणि पान उलटावं तर म्हातारी होऊन बागेत बसलेली असायची. आई, मध्ये काय झालं? मी विचारायचे. काहीतरी झालं असेल, आई म्हणायची. पुढे वाच.

पत्रांचा डबा पलंगाखाली होता. तो काही गुपित नव्हता. लहानपणापासून मी तो बघत आलेय. मी असेपर्यंत हात लावू नकोस, नंतर वाच नाहीतर रद्दीत दे, असं आईनं मला सरळ सांगून ठेवलं होतं.

दोघी बहिणींची लिहायची एक पद्धत होती. कारखान्यात कापून उरलेल्या चांगल्या कागदाला आई मधोमध घडी घालायची. डाव्या बाजूला ती लिहायची, उजवी कोरी सोडायची. मावशी त्याच कागदाच्या उजव्या बाजूला उत्तर लिहून कागद परत पाठवायची. कागद वाया जात नसे, आणि मुख्य म्हणजे उत्तर टाळता येत नसे. कोरी बाजू डोळे वटारून बसलेली असायची. आईला याची इतकी सवय झाली होती की ती सगळ्यांनाच असं लिहायची. माझ्या शाळेत चिठ्ठी पाठवायची तीही अर्ध्या कागदावर. डबा उघडल्यावर अशी एक चिठ्ठी वरच सापडली. डावीकडे आईचं अक्षर: मुलीला ताप असल्यामुळे आज ती शाळेत येऊ शकणार नाही. उजवीकडे, बाईंना वाटलं असणार की जागा आपल्यासाठीच सोडलीय: मनापासून आभार.

मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले, आणि पुढचा कागद उघडला.

डावीकडे आई: ‘तोफेनं शेजारणीच्या दारावर शाई ओतली. मी तिला न्हाणीघरात कोंडलं. ती आत रडली तोवर मला काही वाटलं नाही. मग ती गप्प झाली, आणि मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. दार उघडावंसं वाटेना. मी कसली बाई आहे?’

उजवीकडे मावशी: ‘शेजारीण ती नाकात बोलणारी का? मग शाई थोडी राहू दे. दुसरं, कोंडायचं तर चुकीच्या माणसाला कोंडतेस. पुढच्या वेळी तू आत जा. कडी तुझ्या बाजूनं लाव, नळ सोड, आणि पोरीला बाहेर राहू दे. दार बडवेल. बडवू दे, दार तुझं नाही, घरमालकाचं आहे. तू कसली बाई आहेस ते झोप झाल्यावर ठरव.’

मी तो कागद पुन्हा वाचला. मग पुढचा. त्याच्या पुढचा.

‘काल तिला मारलं. हातातला चमचा तसाच होता. तिच्या पाठीवर चमच्याची खूण उठली.’ उजवीकडे: ‘तेल लाव. चमचा मोडून टाक. तिला सांग की आईचं चुकलं. लांबण लावू नकोस, तेवढंच सांग.’

‘आज एका पुस्तकात मी तोच फर्मा दोनदा शिवला. झोप नाही. मुकादम सगळ्यांदेखत बोलला.’ उजवीकडे: ‘ज्याला ते पुस्तक मिळेल त्याला वाटेल लेखक फार खोल आहे. मुकादमाला मुलं आहेत का? असतील तर ती कोण सांभाळतं विचार.’

‘मला वाटतं ही मला आवडत नाही.’ एका कागदाच्या डाव्या बाजूला एवढंच एक वाक्य होतं. उजवीकडे: ‘आज आवडत नसेल. जेवायला घाल. उद्या परत लिही.’

आणि आईनं दुसऱ्या दिवशी परत लिहिलं होतं.

हे वाचून माझे डोळे भरून आले, असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. मला आईचा इतका राग आला की ती समोर असती तर मी तो डबा तिच्या पायांपाशी आपटला असता. भिंगरी तान्ही असताना, रात्रंदिवस रडत असताना, मी आईला फोन केला होता. आई, मी अशी होते का गं? आणि त्या बाईनं, त्या कधी आवाज न चढवणाऱ्या बाईनं, मला सांगितलं होतं: नाही गं. तू शहाणी होतीस. मूल ओळखतं, आपण शांत राहिलो की तेही शांत राहतं.

मी शांत राहून बघितलं. वर्षानुवर्षं बघितलं. प्रत्येक वेळी आवाज चढला की मनात तिचा तो सपाट, सौम्य सूर वाजायचा, आणि मी दोनदा हरायचे, एकदा मुलीशी, एकदा आईशी. आणि ती स्वतः चमच्यानं मारत होती, न्हाणीघराच्या दाराशी बसत होती, बहिणीकडून धीर मागत होती, मिळालेला धीर घडी घालून डब्यात ठेवत होती. मला तिनं तिची बिघडलेली प्रत दिली. मधली सोळा पानं काढून घेतलेली.

“मावशी,” मी म्हटलं. तिनं ऐकलं नाही. “मावशी.”

“काय गं?”

“मशीन घाल.”

माझ्या तोंडाकडे बघून तिनं घातली. मी तिच्यापुढे कागद धरले. “हे मला का नाही सांगितलं तिनं?”

मावशीनं चष्मा वर सारून वाचलं. चमच्याच्या पत्रावर थांबली. शाईच्या पत्रावर हसली. “नाकात बोलणारी,” ती म्हणाली. “अजून जिवंत आहे बरं का.”

“मी काय विचारतेय?”

“ऐकलं मी. का नाही सांगितलं, तर भीती वाटली असणार. तुझ्या मांडीवर तान्ही पोर. तुला काय सांगायचं, की मला तू नकोशी झाली होतीस? तू ते जन्मभर धरून बसली असतीस. धरून बसण्यात तू हुशार.”

“म्हणून खोटं बोलायचं?”

“चुकलंच तिचं,” मावशी म्हणाली. “मेली म्हणून बरोबर होत नाही.” आणि वर्तमानपत्रात एक पेला गुंडाळला. “मी तिला म्हणायचे, पोरीला सांग. ती म्हणायची, सांगेन, जरा निवांत वेळ मिळू दे. आता घे निवांत वेळ.”

तिचा आवाज तेव्हा जरा हलला. मला तेही ऐकू आलं. ती दुसरा पेला घ्यायला वळली.

टेबलाखालून कागद फाडल्याचा आवाज येत होता. मी वाकून बघितलं. भिंगरीनं हाडाची पट्टी मिळवली होती आणि रद्दीच्या कागदांना मधोमध घड्या घालून, पट्टी फिरवून, एकावर एक रचत होती. जीभ ओठांच्या कोपऱ्यात. एकही घडी वाकडी नव्हती.

“कोणी शिकवलं?”

“आजीनं. तू बघू नकोस.”

मी बघायचं थांबवलं आणि डब्यातल्या तळाच्या कागदांकडे वळले. ते मी मावशीकडे होते त्या महिन्यांतले होते.

डावीकडे आई: ‘जेवते का? ओरडते का? तुझ्या मुलांना चावली का?’

उजवीकडे मावशी: ‘जेवते. चावत नाही. एकदाही ओरडलेली नाही. हेच मला आवडत नाहीये. पाहुण्यासारखी बसते, विचारल्याशिवाय पाणी घेत नाही. काल माझ्याच हातून कप फुटला तर धावत येऊन म्हणाली, मी नाही फोडला. सगळे म्हणतात, बघ किती सुधारली. मला ती सुधारलेली दिसत नाही, लपलेली दिसते. तुझ्याकडे ओरडते कारण तिथे तिला भीती नसते. ये आणि घेऊन जा.’

मी तो कागद मांडीवर ठेवला. स्वतःची ताटली स्वतः धुऊन ठेवायची. एक शब्द वर नाही. मला ताईंचं घर दिसलं, स्वच्छ, पांढरं, औषधाच्या वासाचं, आणि त्यात खुर्चीच्या टोकावर बसलेली भिंगरी. मला मावशीच्या घरातली ती खुर्चीही आठवली. तिथले दिवस वाईट नव्हते. मला फक्त सारखी धास्ती असायची की खुर्ची वाजेल, आणि मी ते आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारताना हसल्याशिवाय विचारलं नव्हतं.

पुढच्या कागदावर आईनं डावीकडे लिहिलं होतं: ‘नको. एवढ्यात मी येत नाही. मला झोप लागतेय. सकाळी उठते तेव्हा घरात आवाज नसतो आणि मला देवाचे आभार मानावेसे वाटतात. तुला मला काय म्हणायचं ते म्हण.’

हे वाक्य मी आठवडाभर मनात म्हणत होते. शब्द सोडले तर काही फरक नव्हता. आणि तरीही मला ते माझ्याबद्दल वाचवेना. सात वर्षांची मी खुर्चीच्या टोकावर बसले होते आणि ती झोपत होती. मला तिला माफ करायचं नव्हतं. पण ती किती दमली होती ते मला माझ्या हाडांत कळत होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकमेकींना जराही जागा देत नव्हत्या.

उजवीकडे मावशीनं तीन शब्द लिहिले होते. ‘झोप. मग ये.’

“मग ती आली,” मावशी माझ्या खांद्यावरून वाचत म्हणाली. “तू दारातच तिला चावलीस. मी म्हटलं, चला, पोरगी बरी झाली.”

डब्यात आणखी एक कागद होता, घरी परतल्यानंतरचा. डावीकडे: ‘बसमध्ये सगळा वेळ किंचाळली. सगळी बस मला बघत होती. मी म्हटलं, बघा. माझीच आहे.’ उजवीकडे: ‘बरं झालं. कंडक्टरला चावली का?’

रविवारी सकाळी नवऱ्यानं भिंगरीची बॅग भरून दाराशी ठेवली. कपड्यांच्या घड्या त्यानं नीट घातल्या होत्या. तो वाईट माणूस नाही, तोही झोपलेला नव्हता. ताई वेळेवर आल्या. त्यांनी भिंगरीसाठी नवा टूथब्रश आणला होता.

“ती येणार नाही,” मी म्हटलं.

“आता हे काय?” नवरा म्हणाला.

“ताईंकडे ती शहाणी वागते, म्हणून येणार नाही.”

“याला काही अर्थ आहे का?” ताई म्हणाल्या. “शहाणी वागते म्हणून पाठवायचं नाही?”

“ती तुमच्याकडे घाबरून असते. तुम्ही तिला काही केलं नाहीत, ताई. घर तिचं नाही, एवढंच. मी अशी राहिलेय. लोक बरी झाली म्हणतात.”

“तू बरी झालीसच की,” नवरा म्हणाला.

“तू विचारलंस कधी?”

ताईंनी टूथब्रश पर्समध्ये ठेवला, परत काढला. “आणि शाळेचं काय? तुझ्या कामाचं काय? रोज हा तमाशा? काल आई, आज मूल, उद्या तू आजारी पडशील.”

“मावशी राहणार आहे, शाळा परत सुरू होईपर्यंत.”

“त्यांना तर ऐकूही येत नाही.”

“म्हणूनच,” मावशी आतून म्हणाली.

मला हसू आवरेना, आणि त्यामुळे ताईंचा पारा चढला. माझ्या भावाची मुलगी आहे म्हणून बोलतेय, जीव तुटतो म्हणून बोलतेय, तुला मदतीची किंमतच नाही, असं त्या बोलत राहिल्या, आणि त्यातलं बरंचसं खरं होतं. मीही बोलले. तुम्हाला फक्त जमत नाहीये, हे तुम्ही आई गेल्यावर मला भेटायला येऊन म्हणालात, असं मी म्हणाले, आणि माझा आवाज आईच्या कुठल्याही आवाजापेक्षा वर गेला. भिंगरी हे सगळं ऐकत मधोमध उभी होती. तिचा चेहरा लाल होत गेला.

“मला आत्याकडेच जायचंय,” ती किंचाळली. “तू घाणेरडी आहेस.” आणि बॅगेला लाथ मारली. बॅग उलटली, नीट घातलेल्या घड्या सगळ्या जमिनीवर. मग तिनं माझ्या पोटात डोकं घातलं आणि मुठींनी मारायला लागली. माझा हात वर गेला. तो मला दिसला, माझाच हात, माझ्याच डोक्याच्या वर.

मी न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावली. नळ सोडला. बादलीत पाणी पडायला लागलं.

बाहेर दार बडवणं सुरू झालं. चांगलं, दणदणीत, मुठींनी, मग टाचांनी. माझा व्यवसाय म्हणून सांगते, बराच मोठा आवाज होता.

“तू आत काय करतेयस?” नवरा म्हणाला.

“नळ सोडलाय.”

“कशाला?”

“आमच्या घरची पद्धत आहे.”

“पोर बाहेर रडतेय आणि ही आत बसलीय,” ताईंचा आवाज आला. “ही कसली पद्धत?” त्यावर मावशी काहीतरी म्हणाली, ते पाण्यात मला ऐकू आलं नाही. मग ताई म्हणाल्या, “मी निघते.” नवरा त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला असावा. घराचं दार वाजलं, आपटलं नाही, नुसतं लागलं. तिथे अजून बरंच बोलायचं बाकी आहे. ते मला माहीत आहे.

दुसरी बादली उलटी करून मी तिच्यावर बसून होते. दंडावरची दातांची खूण पिवळी पडत चालली होती. दार बडवणं चालूच होतं. मग ते मंदावलं, आणि मग थांबलं. ती गप्प झाली आणि मला बरं वाटलं, अगदी आईनं लिहिलं होतं तितकं. यावेळी बाहेर ती होती, तिच्यासाठी सगळं घर उघडं होतं, आणि कडी माझ्या हाताशी होती.

मी नळ बंद केला. बाहेर काहीतरी सरकलं. हाडाची पट्टी कागदावर फिरते तो आवाज. तो मी जन्मल्यापासून ओळखते. पट्टी भिंगरीनं काल घरी आणली होती. मग दाराखालच्या फटीतून एक कागद आत आला. मधोमध घडी, धारदार. शाळेकडून आलेलं ते पत्रच होतं, पाठकोरं, आणि त्या कोऱ्या बाजूवर डावीकडे मोठ्या वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं:

आजी पाहिजे. तू नको.

उजवी बाजू कोरी होती.

मी नळ बंद केला. आत लिहायला काहीच नव्हतं. मी काही बोलण्याआधीच फटीतून एक पेन्सिल घरंगळत आली. तिला टोक नव्हतं म्हटलं तरी चालेल. मी कागद गुडघ्यावर धरला आणि उजवीकडे लिहिलं: मलापण आजी पाहिजे.

लिहिलेलं ते बघितलं आणि तेव्हा मला रडू आलं. शिंप्यासमोर आलं नव्हतं, डबा उघडल्यावर आलं नव्हतं. आईचा राग गेला नव्हता, तो तिथेच बाजूला बसून होता, आणि मी त्याच्याबरोबरच रडले. दुसऱ्या वाक्याचं उत्तर अजून राहिलं होतं. शेवटी लिहिलं: नको तर नको. मी इथेच आहे.

कागद घडीवर दुमडून मी बाहेर सरकवला. दारापलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, नाक भरलेलं. ती अक्षर अक्षर जुळवत वाचत होती. बराच वेळ लागला. मी कडीला हात घातला.

“थांब,” ती म्हणाली. “उघडू नकोस. पेन्सिल दे आधी. माझं अजून लिहून व्हायचंय.”